पेपरचे पैसे कोण देतं?

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंना शेजारच्या आजोबांनी हाक मारून बोलावलं आणि पेपरातला एक चौकोन दाखवला. आतलं पान, बारीक अक्षर, वर मथळा ‘जाहीर नोटीस’. ताईंच्या माहेरची जमीन भावांनी विकायला काढली होती. घेणाऱ्याच्या वकिलांनी छापलं होतं, की या मिळकतीत कुणाचा हक्क, हितसंबंध असेल तर पंधरा दिवसांत कागदपत्रांसह कळवावं. नाहीतर तसा कुणाचाही हक्क नाही असं समजून व्यवहार पुरा केला जाईल. पंधरापैकी नऊ दिवस उलटून गेले होते. उरलेल्या सहा दिवसांत ताईंनी धावपळ करून हरकत नोंदवली.

त्यांच्या घरी पेपर 2020 सालीच बंद झालाय. “मोबाइलवर सगळं येतंच की,” असं त्या म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर आम्हीही म्हणायचो. मोबाइलवर त्या पंधरवड्यात शंभर गोष्टी आल्या. ही नोटीस तेवढी आली नाही.

मग आम्ही विचार करत बसलो. पेपर कागदावरून मोबाइलवर गेला, तेव्हा काय काय सोबत गेलं आणि काय मागे राहिलं? आणि ते कुणी ठरवलं? याचं उत्तर शोधताना आम्हाला बरंच मागे जावं लागलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

मराठीतला पहिला पेपर ‘दर्पण’. बाळशास्त्री जांभेकरांनी तो 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत सुरू केला. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही मजकूर एकाच अंकात. आठेक वर्षांत तो बंद पडला. त्या काळात पेपर चालायचा तो मुख्यतः वर्गणीवर. वर्गणी थकली की पेपर अडचणीत यायचा. पुण्यात 1877 साली कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला, शेतकऱ्यांची आणि कष्टकऱ्यांची बाजू मांडणारा. पुढे 1906 पासून काही वर्षं या ‘दीनबंधु’चं संपादन तानुबाई बिर्जे यांनी केलं. पती वारले, पेपर बंद पडायची वेळ आली, आणि त्या बाईंनी तो हातात घेतला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एक मराठी बाई संपादक होती, हे आमच्यातल्या बऱ्याचजणींना माहीत नव्हतं.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. याच कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील. त्यांनी 1910 साली ‘दीनमित्र’ सुरू केला, तोही मुंबई-पुण्यात नव्हे, खेड्यात. आधी पाथर्डी तालुक्यातलं सोमठाणं आणि नंतर नेवासा तालुक्यातलं तरवडी. सत्यशोधक विचारांचं हे साप्ताहिक 1967 पर्यंत, म्हणजे 57 वर्षं चाललं. त्या काळी खेड्यात वाचता येणारे थोडे. एकाने मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असाच पेपर वाचला जायचा. म्हणजे आत्ता तुम्ही रेडिओ ऐकताय, जवळपास तसंच. वाचणारे कमी, पैसे देणारे त्याहून कमी, पण जे देत होते ते पेपरसाठीच देत होते.

हे गणित हळूहळू बदललं. नानासाहेब परुळेकरांनी 1 जानेवारी 1932 रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला आणि गावोगावच्या बातम्यांना जागा दिली. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये ‘लोकसत्ता’ आला, 1962 मध्ये ‘महाराष्ट्र टाइम्स’. ‘लोकमत’ 1971 मध्ये नागपुरात दैनिक झाला, 1982 मध्ये औरंगाबादेत पोहोचला आणि मग एकेका जिल्ह्यात पसरला. आपल्याकडे ‘सार्वमत’ घरोघरी गेला. बाजार समितीतले कांद्याचे भाव, साखर कारखान्यांच्या निवडणुका, नळाला पाणी कधी येणार, अशी आपली स्वतःची बातमी छापून येऊ लागली.

एवढा कागद, शाई, गाड्या, माणसं, आणि आपण देतो किती? पेपर तयार व्हायला जो खर्च येतो त्यापेक्षा कमी किमतीत तो आपल्या दारात पडतो. मधली तूट जाहिराती भरून काढतात. मोठ्या कंपन्यांच्या, सोन्या-चांदीच्या दुकानांच्या, सरकारी निविदांच्या आणि त्याचबरोबर छोट्या जाहिराती: वधू पाहिजे, वर पाहिजे, शिक्षक पाहिजेत, घर भाड्याने देणे आहे, श्रद्धांजली. जाहिरातदाराला हवेत जास्तीत जास्त वाचक. म्हणून वाचक ओढायला योजना निघाल्या. कूपनं कापून तक्त्यावर चिकटवायची आणि भेटवस्तू आणायची, हे आपण सगळ्यांनी केलंय. ‘लोकमत’ने 2000 साली ‘सखी मंच’ सुरू केला: सभासद व्हायचं, भेटवस्तू घ्यायची, कार्यक्रमांना जायचं. बायका फक्त वाचक राहिल्या नाहीत. आपण घरात काय खरेदी करतो, यावर आता पेपरचा धंदा उभा होता.

याची एक काळी बाजूही होती. तालुक्याच्या वार्ताहराला पगार बहुतेक वेळा नसायचाच. थोडं मानधन आणि आणलेल्या जाहिरातींवर कमिशन. ज्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्याच्याच विरुद्ध बातमी कशी लिहायची? तेव्हा इंटरनेटच्या आधी सगळं छान होतं, असं आम्ही म्हणणार नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झालं. त्याच वर्षी ‘द हिंदू’ हा इंग्रजी पेपर वेबसाइटवर आला. पुढच्या काही वर्षांत मराठी पेपरही आले. पण मराठी पेपरपुढे एक वेगळीच अडचण होती, अक्षरांची. प्रत्येक पेपरचा फाँट निराळा. तो फाँट आधी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, नाहीतर पडद्यावर नुसती चिन्हं दिसायची. पुढे युनिकोड सर्वत्र वापरात आलं, तेव्हा कुठलाही मराठी पेपर कुठल्याही यंत्रावर सरळ वाचता येऊ लागला आणि मराठी बातमी शोधून सापडू लागली.

गंमत अशी, की या वेबसाइटचा पहिला उपयोग जवळच्यांना झाला नाही, लांबच्यांना झाला. अमेरिकेतल्या मुलाला गावाकडची बातमी त्याच दिवशी कळायची, आणि इथे त्याच्या आईच्या घरात कॉम्प्युटरच नव्हता. पेपरवाल्यांनीही फार विचार केला नाही. कागदावर छापलेलं तेच वेबसाइटवर चढवलं आणि फुकट ठेवलं. वाचक आले की मागोमाग जाहिराती येतील, असा हिशोब होता.

वाचक आले. जाहिराती मात्र दुसरीकडे गेल्या. अमेरिकेत 1995 साली ‘क्रेगलिस्ट’ सुरू झालं आणि तिथल्या पेपरांच्या छोट्या जाहिराती ओसरत गेल्या. आपल्याकडे 1997 साली ‘नोकरी डॉट कॉम’ आलं, त्याच सुमारास लग्न जुळवणाऱ्या वेबसाइट आल्या. पुढे 2003 मध्ये गूगलने कुठल्याही वेबसाइटवर आपल्यामार्फत जाहिरात दाखवायची सोय केली. जाहिरात कुठे दिसेल आणि तिचे किती पैसे मिळतील, हे आता पेपरचा जाहिरात विभाग ठरवेना. गूगल ठरवू लागलं. आणि पैसे मोजायचे कसे, तर किती जणांनी बोट लावून बातमी उघडली यावर.

इथून मजकूर बदलला. ज्या बातमीवर बोट पडतं ती वर, ज्यावर पडत नाही ती खाली. राशिभविष्य, नटनट्यांची लग्नं, पाच मिनिटांत होणारा नाश्ता, ‘पुढे काय झालं ते वाचून थक्क व्हाल’ असे मथळे. आम्ही स्वतःच त्यावर बोट ठेवतो, तेव्हा दोष फक्त त्यांना देऊन चालणार नाही. पण एका गावच्या ग्रामसभेची बातमी फार तर दोनशे लोक उघडणार. तिच्यासाठी मोटरसायकलला पेट्रोल घालून वार्ताहर कशाला जाईल?

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि बातमी वेबसाइटवरूनही सरकून व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आली. याचे फायदे आहेतच. पावसाळ्यात नांदूर मधमेश्वरमधून गोदावरीत किती क्युसेक पाणी सोडलं, हे कळायला आता नदीकाठच्या कुणाला दुसऱ्या दिवसाच्या पेपरची वाट पाहावी लागत नाही. पुणतांब्यातून निघालेला शेतकरी संप 1 जून 2017 रोजी सुरू झाला, तेव्हा घटकेघटकेच्या बातम्या मोबाइलवर फिरत होत्या. पण धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी काय झालं, तेही आठवा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर पसरलेल्या होत्या, आणि जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. बातमी लिहिणाऱ्याचं नाव असतं, पत्ता असतं, चुकलं तर त्याला जाब विचारता येतो. फॉरवर्ड झालेल्या मेसेजला कोण जाब विचारणार?

मग 2020 सालचा कोरोना आला. कागदाने विषाणू येतो, या भीतीने लोकांनी पेपर बंद केले. 18 एप्रिलला राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायलाच बंदी घातली. काही दिवसांनी मुंबई-पुणे वगळता ती सैल केली. त्या दिवसांत आख्खे पेपर पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर फुकट फिरले. पेपरवाले हवालदिल झाले. ‘दैनिक जागरण’ने दिल्ली उच्च न्यायालयात टेलिग्रामविरुद्ध दाद मागितली, आणि मे 2020 मध्ये न्यायालयाने अशी ई-पेपर वाटणारी चॅनेल काढायचा आदेश दिला. देशातल्या अनेक पेपरांनी त्यानंतर ई-पेपरला कुलूप लावलं: आधी नाव नोंदवा, मग पैसे भरा.

पैसे मागायचा हा मार्ग जगात नवा नव्हता. अमेरिकेतल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 2011 मध्ये वेबसाइटवर ठराविक बातम्यांनंतर पैसे मागायला सुरुवात केली. लोक हसले. पण पुढच्याच वर्षी त्यांना वाचकांकडून मिळालेले पैसे जाहिरातींपेक्षा जास्त भरले. दुसरा मार्ग, गूगलकडून वाटा मागायचा. ऑस्ट्रेलियाने 2021 मध्ये त्यासाठी कायदा केला. आपल्याकडे वृत्तपत्रांच्या डिजिटल संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी 2022 मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला.

आणि एक मार्ग आपल्यासारख्या बायकांनी काढलेला. उत्तर प्रदेशात चित्रकूटला 2002 साली खेड्यातल्या बायकांनी, त्यातही बऱ्याच दलित बायकांनी, ‘खबर लहरिया’ हा पेपर सुरू केला. ‘निरंतर’ या संस्थेचा त्यांना आधार होता. बुंदेली बोलीत लिहायचं, स्वतःच गावोगाव विकायचं. पुढे त्यांनी कागद सोडला आणि मोबाइलवर बातम्यांचे व्हिडीओ करू लागल्या. रस्ता, पाणी, बलात्काराची न नोंदवलेली तक्रार, हे विषय त्यांनी सोडले नाहीत. त्यांच्यावरची ‘रायटिंग विथ फायर’ ही फिल्म 2022 मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. कागद सुटला तरी बातमी टिकू शकते, हे त्यांनी दाखवलं. मात्र बातमीच्या मागे कुणीतरी पाय झिजवायला हवा आणि त्या पायांचा खर्च कुणीतरी द्यायला हवा.

आता ताईंच्या नोटिशीकडे परत येऊ. ती मोबाइलवर का आली नाही? कारण तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही. ती कागदी पेपरात का आहे? कारण कायद्याची आणि कोर्टाची रीत अजून तीच आहे. समन्स हाती देता आलं नाही, तर कोर्ट ते पेपरात छापायला लावतं. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे जमीन घेण्याची सूचना त्या भागातल्या दोन दैनिकांत द्यावी लागते, आणि त्यातलं एक आपल्या भाषेतलं असावं लागतं. ज्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, तिथे जमिनीच्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. नोटीस हुकली म्हणून तो हक्क लगेच बुडतो असं नाही. पण व्यवहार झाल्यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडत बसण्यापेक्षा आधी एक अर्ज देणं केव्हाही सोपं.

म्हणजे अवस्था अशी आहे: आपल्याला सूचना मिळाली असं कायदा धरून चालतो तो पेपरच्या भरवशावर, आणि आपण तर पेपर घेणं सोडून दिलंय.

आपल्या सामुदायिक रेडिओला स्वतः जमवलेल्या बातम्या देता येत नाहीत, तसा नियम आहे. म्हणून आम्ही गटापुरतं एक ठरवलं. दर महिन्याच्या बचतीतून थोडे थोडे काढून एक पेपर लावला, जिल्ह्याचं पान असलेला. मोबाइलच्या एका रिचार्जपेक्षाही तो स्वस्त पडला. शनिवारी बैठकीत आठवड्याचे अंक समोर ठेवतो आणि एकजण जाहीर नोटिसा मोठ्याने वाचते. गावांची नावं आली की बाकीच्या कान टवकारतात: हे तर माझं माहेर, हा तर नणंदेचा गट नंबर. पहिल्या शनिवारी वाचायची पाळी त्या ताईंचीच होती. चष्मा विसरल्या होत्या, शेजारणीचा घेतला, पण सगळ्या नोटिसा वाचून झाल्याशिवाय पेपर खाली ठेवला नाही.