कादंबरीकाराची प्रेरणा आणि आपली माणसे

जाफराबादला ‘फकिरा’ शिकवीत असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, अण्णा भाऊंच्या नात्यातच फकिरा होता. त्यांना लिहायला काय अवघड? आमच्या घराण्यात कोणी बंड केलं नाही. आम्ही कशावर लिहावं?” वर्ग हसला. मला हसू आले नाही. एम. ए. ला असताना हाच प्रश्न मी मनात दाबून ठेवला होता. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील सालगडी. आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली. असली माणसे कादंबरीत मावत नाहीत, असे मला कोणी तोंडाने सांगितले नव्हते. तरी ते मी पुरते शिकलो होतो.

म्हणून ‘लेखकाची प्रेरणा’ हा केवळ परीक्षेतील दहा गुणांचा प्रश्न नाही. कोणाचे जगणे लिहिण्याजोगे आणि कोणाचे नाही, हे कोणी ठरवायचे, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. आपल्या कादंबरीकारांनी त्याचे उत्तर दिलेले आहे. आपण ते नीट वाचलेले नाही.

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० सालचा, वाटेगावचा. शाळा दीड दिवसाची. कुटुंबासह पायी चालत मुंबई गाठलेली. पुढे माटुंग्याचा लेबर कॅम्प, घाटकोपरचे चिरागनगर, गिरणी, चळवळ आणि तमाशा-लोकनाट्याचा फड. हे त्यांचे विद्यापीठ. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ज्या फकिराने हातात तलवार घेतली, त्याची कहाणी लेखणीच्या चरणी ठेवली, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे.

फकिरा ज्या काळात जगला तो काळ कसा होता? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवीत नेली. माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरू लागला. मांग-रामोशांच्या वाट्याला हजेरी आली. दिवसभर राबलेल्या माणसाने रोज जाऊन आपण चोरी केली नाही हे आपल्या देहानेच सिद्ध करायचे, ही ती हजेरी. देशभर हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. सरकारच्या लेखी दरोडेखोर असलेला माणूस मांगवाड्याच्या आठवणीत मात्र भुकेल्यांना धान्य देणारा होता. एकाच माणसाच्या या दोन नोंदी. एक कागदावर, दुसरी बायाबापड्यांच्या तोंडी. अण्णा भाऊंनी दुसरी नोंद खरी मानली आणि तिला ग्रंथाचे रूप दिले. त्यांची प्रेरणा शोधायची तर ती या निवडीत आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर आपणच अण्णा भाऊंवर अन्याय करू. ‘वैजयंता’च्या प्रस्तावनेत त्यांनी आपण जे जगलो, पाहिले तेच लिहितो, कल्पनेच्या भराऱ्या आपल्याला जमत नाहीत, अशा अर्थाचे सांगितले आहे. समीक्षेने हे विधान उचलून धरले आणि वरून कौतुकही केले. अनुभव दांडगा, पण कला? हा प्रश्न मात्र शिल्लक ठेवला. प्रस्थापितांनी लिहिले की प्रतिभा आणि आपण लिहिले की अनुभव, अशी ही वाटणी झाली. गावगाड्यातही वाटणी अशीच होती. देवळात कोणी बसायचे आणि देवळाबाहेर कोणी वाजवायचे, हे ठरलेलेच होते!

‘फकिरा’च्या प्रस्तावनेत मात्र अण्णा भाऊ दुसरी बाजू मांडतात. जीवनाचे सत्य नसेल तर प्रतिभा पोकळ, आणि प्रतिभेचा उजेड नसेल तर सत्यही निरुपयोगी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने वास्तव आणि कल्पना यांचा हा जो संबंध सांगितला, तो आपण वर्गात शिकवतो का? आपण त्यांची गरिबी शिकवतो. त्यांचा विचार शिकवीत नाही.

बाबूराव बागूल यांच्याकडे पाहा. माटुंग्याच्या त्याच लेबर कॅम्पमध्ये ते घडले. सुरतेला नोकरीनिमित्त गेले असता जात लपवून राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ चा कथासंग्रह त्या जाळातून आला. इथपर्यंत ‘अनुभव’ हा शब्द पुरतो. परंतु १९७० साली त्यांनी ‘सूड’ लिहिली. ती एका स्त्रीच्या विटंबनेची कहाणी आहे. ते जगणे बागुलांचे स्वतःचे नव्हते. स्वतःच्या अपमानाच्या वाटेने ते दुसऱ्याच्या अपमानापर्यंत पोहोचले. याला कल्पनाशक्ती म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? शंकरराव खरातांनी वडिलांच्या तराळकीचे ओझे आयुष्यभर मनावर वागविले. ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तरी त्यांची लेखणी गावकुसाबाहेरच्या माणसांना विसरली नाही. ‘तराळ-अंतराळ’ १९८१ साली आले. या तिघांची प्रेरणा आकाशातून उतरलेली नाही. ती देण्यासारखी आहे. ज्यांना बोलता आले नाही त्यांचे देणे.

त्या विद्यार्थ्याला मी इतके सारे सांगितले नाही. “घरी जा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बस आणि दोन पाने लिहून आण,” एवढेच म्हणालो. आठवड्याने तो आला. त्याची आजी सुईण होती. साऱ्या गावाची बाळंतपणे तिने केली. मूल जन्मेपर्यंत घरात तिचा हात चाले. मूल रडले की तिने मागच्या दाराने निघायचे आणि तिच्या पाठीमागे घर शिंपडून घ्यायचे. त्याने लिहिले होते की एकदा ती दारातच थांबली आणि म्हणाली, “मग लेकरालाबी धुऊन काढा, त्यालाबी माझाच हात आधी लागलाय.”

वर्ग चूप झाला. एका मुलीने विचारले, “आजी खरंच असं म्हणाल्या?”

तो म्हणाला, “नाही. पण म्हणायला पाहिजे होतं.”

कादंबरी इथून सुरू होते. घर शिंपडणे हे सत्य; दारात थांबणे ही प्रतिभा. घराण्यात बंडखोर झाला नाही म्हणणाऱ्या मुलाने आपल्या आजीला बंड करायला लावले. त्या दिवशी मी शिकवले कमी आणि शिकलो जास्त.

खेळणा-पूर्णेच्या या मुलखाने निजामी पाहिली, १९४८ पाहिले. १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर पेटलेल्या वस्त्या मराठवाड्याने पाहिल्या, आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तारही पाहिला. या साऱ्याच्या सरकारी नोंदी कुठे ना कुठे दप्तरात जपलेल्या असतील. दुसरी नोंद म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे आणि ती माणसे एकेक करून जात आहेत. माझी खडी फोडणारी आजी गेली. तिच्यापाशी मी कधी बसलो नाही. नोट्स उतरवून घेण्यात माझी वर्षे गेली. आपल्या विद्यार्थ्यांच्या हातून हे होऊ नये, एवढे तरी आपण शिक्षकांनी पाहिले पाहिजे.