फसलेले चाक आणि ओढणारा दोर



वऱ्हाडच्या इतिहासात राजे, लढाया आणि तह यांच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. चिखलाची कथा मात्र फारशी कुणी सांगत नाही. वास्तविक या मुलखात चिखलाने जितक्या लोकांची वाट अडवली, तितकी कोणत्याही फौजेने अडवली नसेल. आजचा विषय आहे फसलेली गाडी बाहेर काढण्याची विद्या. पूर्वी ती कशी होती, तिच्यात काय काय भर पडली, आणि आज कुणी जीपला किंवा ट्रॅक्टरला दोर गुंडाळून ओढणारे यंत्र, म्हणजे ज्याला आपण विंच म्हणतो ते, लावायचे ठरवले तर त्याने काय पाहून घ्यावे, याचा थोडा विचार करू.

प्रथम आपली जमीन पाहा. अकोट, तेल्हारा, दर्यापूर हा सारा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला प्रदेश. इथली माती काळी, चिकण आणि खोल. पाणी मिळाले की ती फुगते आणि उन्हाळ्यात आटली की तिला हात हात भेगा पडतात. या मातीच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरते, म्हणून ती अशी फुगते, असे शास्त्र सांगते. कपाशीला ही माती आईसारखी. पण चाकाला ती वैऱ्यासारखी. शिवाय पूर्णेच्या गाळात खाली कितीही खणा, लवकर गोटा लागत नाही. मुरूमही दुरून आणावा लागतो. त्यामुळे मृगाचे दोन पाऊस झाले की पांदणीतून बंडी नेणे म्हणजे बैलांची सत्त्वपरीक्षा. चाक आधी चार बोटे जाते, मग अर्धे जाते, आणि शेवटी आख जमिनीला टेकला की बैल गुडघे टेकतात.

आता ही झाली सपाटी. उत्तरेकडे तोंड केले की सातपुड्याची भिंत उभी. तिच्यावर नरनाळा आणि गाविलगड हे दोन जोडकिल्ले. नरनाळा तर आपल्या अकोट तालुक्यातच आहे. शहानूरवरून वर गेलेल्या पुष्कळांनी तिथली नऊ गजी तोफ पाहिली असेल. ती पाहून मुले गुरुजींना हमखास विचारतात, "एवढी मोठी तोफ वर नेली कशी?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्या एका तोफेपुरते उत्तर देणे कठीण; पण शेजारच्या गाविलगडावर तोफा कशा चढल्या, याची हकीकत तारीखवार नोंदलेली आहे. ती सांगतो.

29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोटच्या जवळ अडगावला लढाई झाली. एका बाजूला नागपूरकर भोसल्यांची फौज आणि तिच्या जोडीला शिंद्यांचे घोडदळ, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आला. अडगावला भोसल्यांचा पराभव झाला आणि इंग्रज फौज अचलपुरावर गेली. तिथून गाविलगड घ्यायचा होता. किल्ल्याची दक्षिण बाजू खडी. उत्तरेकडून, म्हणजे लबाडा गावाच्या बाजूने, जमीन त्यातल्या त्यात जवळची. पण तिकडे तोफा न्यायच्या तर सातपुडा ओलांडावा लागणार. हे काम कर्नल स्टीव्हनसनच्या तुकडीकडे आले. ती 7 डिसेंबरला निघाली आणि 12 डिसेंबरला लबाड्यास पोहोचली. अंतर जेमतेम 30 मैल, दिवस लागले पाच.

का लागले, ते पाहा. तिच्याजवळ 18 पौंडी लोखंडी तोफा होत्या. 18 पौंडी म्हणजे गोळ्याचे वजन 18 पौंड. तोफेच्या नुसत्या नळीचे वजन सुमारे 2 टन, गाडा वेगळाच. आजची माणसे बसलेली, सामान भरलेली जीप जवळजवळ एवढीच भरते. वेलस्लीच्या फौजेत म्हैसूरकडचे अमृतमहाल बैल नावाजलेले होते. पण या डोंगरात बैलांचेही चालले नाही. सैनिकांनी आधी वाट खोदायची, मग त्याच वाटेवरून नाल्यांतून आणि घाटांतून तोफा हातांनी ओढायच्या, असे जवळपास सारा रस्ता चालले. 13 तारखेला सकाळी तोफा सुरू झाल्या, 14 च्या रात्रीपर्यंत तटाला भगदाडे पडली आणि 15 डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामास आला. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. नरनाळा आणि गाविलगड मात्र तहाने त्यांच्याकडेच राहिले.

या लढाईचा निकाल तटाजवळ लागला, असे आपण शिकवतो. मला वाटते, निम्मा निकाल त्या तीस मैलांत लागला होता. किल्ल्याची सारी भिस्त अशी की उत्तरेकडे अवजड तोफ येऊच शकत नाही. ती आली, आणि भिस्त संपली. ज्यांनी ती ओढली, त्यांची नावे मात्र कोणत्याही तहात नाहीत. दोर ज्याच्या खांद्यावर असतो, त्याचे नाव कागदावर क्वचितच येते. ही गोष्ट ध्यानात ठेवा; शेवटी तिचे काम पडणार आहे.

यानंतर ओढण्याच्या विद्येत तीन मोठ्या सुधारणा झाल्या.

पहिली सुधारणा दोराची. आपल्याकडे दोर अंबाडीचा किंवा तागाचा. तो भिजला की कुजतो. युरोपातल्या खाणींतही अशीच अडचण होती. तागाचे दोर कुजत आणि लोखंडी साखळीची एक कडी तुटली की सारे ओझे खाली जाई. जर्मनीतील हार्त्स डोंगरातल्या खाणींवरचा अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट याने 1834 मध्ये लोखंडी तारा पिळून दोर केला. त्यातली एखादी तार तुटली तरी बाकीच्या तारा भार धरून ठेवतात आणि माणसाला आधी सूचना मिळते. आपण ज्याला वायर रोप म्हणतो तो हाच.

दुसरी सुधारणा इंग्लंडच्या शेतात झाली. तिकडे वाफेचे इंजिन नांगराला जोडायचा प्रयत्न झाला, पण इंजिनच इतके जड की ते वावरात रुतायचे. जॉन फाउलर याने युक्ती काढली. इंजिन धुऱ्यावर टणक जागी उभे ठेवायचे, त्याला दोर गुंडाळणारा ड्रम बसवायचा, आणि नांगर दोराने या धुऱ्याकडून त्या धुऱ्याकडे ओढायचा. 1858 मध्ये तिकडच्या शेतकी संस्थेने त्याला या कामासाठी 500 पौंडांचे बक्षीस दिले. यातले मर्म असे: जोर चिखलात उतरवू नका, जोर टणक जागी उभा करा आणि चिखलात फक्त दोर पाठवा.

आपल्या मोटेत हीच बुद्धी आहे. बैल धावेवर टणक जमिनीवर चालतात आणि नाडा विहिरीत जातो. मात्र मोटेचे चाक एका जागी बसवलेले असते. ते ओढीची दिशा बदलते, जोर वाढवत नाही. तीच कप्पी फसलेल्या गाडीला बांधली, दोर तिच्यातून फिरवून परत मागे आणला, तर ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. शाळेत गुरुजींनी हा फरक दोन कप्प्या आणि एक विटेचा तुकडा घेऊन जरूर दाखवावा.

तिसरी सुधारणा मोटारीची. दुसऱ्या महायुद्धात जीप जन्मास आली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस तिची जुळणी मुंबईत होऊ लागली आणि वनखाते, पाटबंधारे, पोलीस अशा खात्यांमधून ती खेड्यापाड्यांत पोहोचली. गाडीच्याच नाकावर विंच बसवला की फसलेली गाडी स्वतःला ओढून काढते. मेळघाटातून भर पावसात रुग्ण घेऊन येणाऱ्या गाडीला हे यंत्र म्हणजे केवळ सोय नव्हे. कधी कधी त्यावर जीव अवलंबून असतो.

तर मग भरवशाचा विंच निवडायचा कसा?

दुकानदार आधी आकडा सांगतो: अमुक हजार पौंड. तो आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना ती ओढ मिळते. वर थर चढत जातात तशी ओढ घटते. चौथ्या थराला ती एक तृतीयांशाहून अधिक कमी झालेली असते. म्हणून प्रथा अशी की माणसे व सामानासकट गाडीच्या वजनाच्या दीडपट शक्तीचा विंच घ्यावा. गाडी भरून 2,200 किलो असेल तर किमान 3,300 किलो, म्हणजे सुमारे 7,300 पौंड. आपल्या काळ्या मातीत त्याहून थोडा वरचा घेतला तर उत्तम. सैन्यातला ढोबळ हिशेब असा: गाडी चाकांपर्यंत रुतली तर तिच्या वजनाइतकी ओढ लागते, आणि चाकांवरच्या पत्र्यापर्यंत गेली तर दुप्पट. इतकी ओढ एकट्या विंचाच्या आवाक्याबाहेर जाते. अशा वेळी कप्पी कामी येते. कप्पीवाचून विंच घेणे म्हणजे जू असून शिवळा नसणे.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ओढणे सुरू असताना यंत्र बंद केले तर ओझे जिथल्या तिथे थांबले पाहिजे. वर्म गिअरचा विंच हळू चालतो, पण त्याच्या रचनेतच ओझे धरून ठेवण्याचा गुण असतो. प्लॅनेटरी गिअरचा विंच हलका आणि जलद. त्यात ब्रेक वेगळा असतो आणि पुष्कळदा तो ड्रमच्या आतच असल्याने तापतो. घेण्यापूर्वी उतारावर ओझे लावून, मध्येच थांबवून पाहावे.

तिसरी गोष्ट विजेची. बारा व्होल्टचा विंच पूर्ण ओढीवर 400 अँपिअरच्या आसपास प्रवाह खातो. जुन्या बॅटरीवर तो चालायचा नाही. इंजिन सुरू ठेवावे, थोडे ओढावे, थोडे थांबावे. बैलालाही आपण दम घेऊ देतो.

चौथी गोष्ट दोराची. तारेचा दोर गोट्यावर घासला तरी टिकतो, पण गंजतो, आणि तुटलेल्या तारांची कुसळे हातात शिरतात. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये. अलीकडे कृत्रिम धाग्याचा दोर निघाला आहे. तो तारेच्या दोराच्या मानाने फार हलका, आणि तुटला तर कमी उसळतो. पण ऊन, उष्णता आणि वाळू त्याला मानवत नाहीत. दोर कोणताही असो, ड्रमवर निदान काही वेढे नेहमी शिल्लक ठेवावेत. शेवटचा वेढा सुटेपर्यंत दोर सोडू नये.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती दुकानात मिळत नाही. दोराचे दुसरे टोक कशाला बांधणार? डोंगरात साग आहे. त्याच्या बुंध्याला तळाशी रुंद पट्टा लावावा, म्हणजे झाडाची सालही वाचते. पण पूर्णेच्या खोऱ्यात पांदणीच्या दोन्ही अंगांना नुसती कपाशी. अशा ठिकाणी ओढीच्या दिशेला आडवा खड्डा खणून त्यात जाड लाकूड पुरतात आणि दोर त्याला बांधतात. म्हणून यंत्रासोबत कप्पी, पट्टा, खिटीची कडी आणि फावडे घेतल्याशिवाय खरेदी पुरी झाली असे समजू नये. थोडा कमी शक्तीचा विंच आणि पुरे सामान हे मोठ्या विंचापेक्षा अधिक भरवशाचे.

ज्यांच्याजवळ विंच नाही ते ट्रॅक्टरने ओढतात. तेव्हा दोर मागच्या आखाच्या वर कधीही बांधू नये. खालच्या ओढपट्टीलाच बांधावा. वर बांधला तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. झटका देऊन ओढणेही तितकेच घातक.

आता त्या दोर ओढणाऱ्यांकडे परत येऊ. ताणलेला तारेचा दोर तुटला म्हणजे तो विळ्यासारखा मागे येतो. त्या वेळी दोराजवळ मालक नसतो. क्लीनर असतो, सालदार असतो, नाहीतर गंमत पाहायला जमलेली पोरे असतात. गाविलगडच्या वाटेवर माणसांना मोल नव्हते. आज ते असले पाहिजे. म्हणून ओढ सुरू होण्याआधी दोराच्या मध्यावर एक जाड गोधडी किंवा घोंगडी टाकावी, म्हणजे तुटलेला दोर खाली बसतो. दोराच्या लांबीहून अधिक अंतरावर सर्वांना उभे करावे. दोर कुणीही ओलांडू नये. आणि सांगणारा माणूस एकच असावा.

यंत्र किती जोराने ओढते, हे पाटीवर लिहिलेले असते. ते कशावर उभे आहे, कशाला बांधले आहे आणि त्याच्याजवळ कोण उभा आहे, हे आपणच पाहायचे असते. मृग लागण्यापूर्वी एकदा दोर पूर्ण उलगडून, पुसून, ताणाखाली नीट गुंडाळून ठेवा. पहिल्या पावसात पांदणीत गाडी फसेल तेव्हा त्या अर्ध्या तासाच्या कष्टाचे चीज झालेले दिसेल.