बरणीतली बुरशी आणि वाळवणाचा इतिहास

गेल्या ऑगस्टमध्ये एक काकू रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला दवाखान्यात आल्या. जाता जाता त्यांनी पिशवीतून काचेची एक बरणी काढून टेबलावर ठेवली. आत वाळवलेले टोमॅटो होते आणि तळाच्या थरात हिरवट-करडे ठिपके दिसत होते. "डॉक्टर, मुलाने फूड डिहायड्रेटर पाठवलाय. चांगले आठ तास यंत्रात वाळवले, तरी असं कसं झालं? बुरशीचे तेवढे काढून टाकले आणि बाकीचे परवा आमटीत घातले. चालतं ना?"

चालत नाही. काकूंना काही झाले नव्हते, आणि एकदा असे पोटात गेले म्हणून सहसा काही होतही नाही. पण "यंत्रात वाळवलं, मग खराब कसं झालं" हा त्यांचा प्रश्न मला मोलाचा वाटला. माणसाने हा प्रश्न वेगवेगळ्या काळात विचारला आहे आणि त्याचे उत्तर काही वेळा फार मोठी किंमत मोजून मिळवले आहे. तुमच्या घरी हे यंत्र असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर हा इतिहास माहीत असलेला बरा.

यंत्र तसे साधे असते. एक डबा, त्यात हीटर, पंखा आणि जाळीचे ट्रे. गरम, कोरडी हवा खेळती ठेवायची, एवढेच त्याचे काम. हेच काम आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांतले ऊन आणि वारा करत आला. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात रात्रीची थंडी आणि दिवसाचे ऊन आलटून पालटून वापरून बटाटे वाळवतात, त्याला 'चुन्यो' म्हणतात. तिथल्याच केचुआ भाषेत वाळवलेल्या मांसाला 'चार्की' म्हणतात आणि इंग्रजीतला 'जर्की' हा शब्द त्यावरूनच आला.

आपल्या आज्या कुरडया, सांडगे, आंबोशी करताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळत. एक, वाळलेला पदार्थ कट्कन मोडला पाहिजे. वाकला तर तो पुन्हा गच्चीवर. दोन, डब्यात भरून झाले म्हणजे काम संपले असे नाही. मध्ये मध्ये डबा उघडून 'ऊन दाखवायचे'. या दोन्ही गोष्टींमागचे शास्त्र कागदावर यायला विसावे शतक निम्मे उलटावे लागले.

१९५३ मध्ये ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी दाखवून दिले, की पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातले 'मोकळे' पाणी किती आहे हे महत्त्वाचे. जे पाणी साखरेने किंवा मिठाने धरून ठेवले आहे, ते जिवाणूंच्या उपयोगाचे नसते. या मोकळ्या पाण्याला शून्य ते एक अशी मोजपट्टी आहे. ताजी भाजी जवळजवळ एकवर असते. ०.९१ च्या खाली आले की बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, पण बुरशी त्याहूनही कोरड्यात तग धरते. ०.६० च्या खाली काहीच वाढत नाही. मनुका मऊ असूनही टिकते, कारण तिच्यातले पाणी साखरेने धरलेले असते. गवारीत तेवढी साखर नाही, म्हणून गवार मात्र कुरकुरीतच व्हायला हवी. मोडते की वाकते, ही आजीची परीक्षा म्हणजे घरच्या घरी केलेले मोकळ्या पाण्याचे मोजमापच होते.

इथे एक बारकावा नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. मोकळे पाणी काढून घेतले की जंतू वाढायचे थांबतात. ते मरतात असे नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अंड्यांची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेतून अंड्याची भुकटी येऊ लागली. १९४२ पासून रेशनवर दर चार आठवड्यांना एक पाकीट मिळे, साधारण बारा अंड्यांच्या बरोबरीचे. लोकांची मोठीच सोय झाली. पण याच काळात तिथल्या रुग्णांमध्ये साल्मोनेला जंतूचे असे प्रकार सापडू लागले, जे तिथे पूर्वी फारसे दिसत नसत. शोध घेतल्यावर धागा त्या भुकटीपर्यंत पोचला. कोरड्या भुकटीत जंतू निपचित पडून होते. पाणी घालून ती कालवली आणि तशीच ठेवून दिली, की ते पुन्हा कामाला लागत.

पन्नासेक वर्षांनी हाच धडा घरगुती वाळवणाने पुन्हा दिला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात हरणाच्या मांसाची घरी केलेली जर्की खाऊन अकरा जणांना ई. कोलाय या जिवाणूच्या एका घातक प्रकाराची लागण झाली. मांस बारा ते अठरा तास वाळवले होते, पण सुमारे ५२ अंशांवर. एवढ्या उष्णतेत पाणी जाते, तो जिवाणू खात्रीने मरत नाही. तेव्हापासून तिथे सांगितले जाते, की मांस आधी ७१ अंशांपर्यंत तापवून घ्या आणि मगच वाळवा. आपल्याकडे किनाऱ्यावर सुकट, बोंबील पिढ्यानपिढ्या वाळत आले आहेत. पण आपण ते धुऊन, भाजून किंवा कालवणात उकळून खातो, हा फरक मोठा आहे. वाळवून तसेच तोंडात टाकायचे मांस किंवा मासे घरच्या यंत्रात करू नका, असेच मी माझ्या रुग्णांना सांगतो.

आता बुरशीकडे येऊ, म्हणजे काकूंच्या बरणीकडे.

१९७४ च्या अखेरीस राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या शेजारच्या आदिवासी भागांत विचित्र काविळीची साथ आली. डोळे पिवळे व्हायचे, पोटात पाणी साठायचे. नेहमीची कावीळ असेल असे आधी वाटले. पण ती संसर्गाच्या काविळीसारखी वागत नव्हती, आणि ज्या घरांत माणसे आजारी होती त्या घरांतली कुत्रीही तशीच पोट फुगून मरत होती. माणूस आणि कुत्रा यांच्यात समान काय? अन्न. त्या वर्षी अवकाळी पावसात मका भिजला होता. तो नीट न वाळताच साठवला गेला आणि त्याला बुरशी धरली. दुसरे धान्य घरात नसलेल्या लोकांनी आठवडेच्या आठवडे तोच मका खाल्ला. ३९७ जण आजारी पडल्याची नोंद झाली आणि त्यांतले १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष भरपूर असल्याचे दाखवले. हे विष वैद्यकाला तेव्हा ठाऊक होते, पण तेही फार दिवसांपासून नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, त्या तपासातून ते सापडले होते.

या विषाबद्दल दोन गोष्टी सांगतो. घरगुती शिजवण्याने ते नष्ट होत नाही, म्हणजे काकूंची आमटी कितीही उकळली तरी उपयोग नव्हता. आणि बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या पलीकडे पसरलेले असू शकतात, त्यामुळे ठिपका खरवडून बाकीचे खाणे ही फसवी काटकसर आहे. प्रत्येक बुरशी हे विष तयार करते असे अजिबात नाही. टोमॅटोवरची बुरशी बहुधा वेगळीच असेल. पण कोणती कोणती हे तुम्हाला-मला नुसते बघून कळत नाही, आणि थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांच्यात तो आणखी कितीतरी पटींनी वाढतो. बरणी पूर्ण फेकायची.

मग यंत्रात आठ तास ठेवूनही टोमॅटो का बिघडले? मी हे खात्रीने सांगू शकतो, कारण मी स्वतः तेच केले आहे. भर जुलैत, हौसेने. फोडी हाताला येतील तशा चिरल्या, काही जाड, काही पातळ. लवकर व्हावे म्हणून तापमान वाढवले. त्याने फोडीची वरची कातडी कडक झाली आणि आतला ओलावा आतच कोंडला. बाहेरून हात लावला तर वाळल्यासारखे वाटले. वर ते गरम असतानाच बरणीत भरून झाकण लावले. वाफेचे थेंब आत जमले आणि आठवड्यात बुरशी आली. घरात बरेच दिवस माझी थट्टा झाली.

तेव्हा फोडी एकसारख्या चिरा, चार ते सहा मिलिमीटर जाडीच्या. भाज्या-फळांना ५५ अंशांच्या आसपास तापमान पुरते, कढीपत्ता-पुदिन्याला ४० च्या आतच. पुस्तिकेत लिहिलेले तास आपल्या पावसाळ्यात कमी पडतात, म्हणून घड्याळावर जाऊ नका, फोड गार करून मोडून बघा. ट्रेच्या जागा मध्ये बदला. यंत्राच्या शेजारी कुकर लावू नका, कारण ती वाफ पंखा आतच ओढतो. सगळे पूर्ण गार झाल्यावर काचेची बरणी दोन तृतीयांश भरा, आठवडाभर रोज हलवा आणि काचेवर दव दिसते का पाहा. दिसले तर सगळे परत यंत्रात. ऊन दाखवायचे ते हेच. नंतर लहान लहान बरण्यांत ठेवा, म्हणजे एक बिघडली तरी बाकीच्या वाचतात. आणि वाळवलेली भाजी एकदा पाण्यात भिजवली की ती ताज्या भाजीसारखीच नाशवंत होते. लगेच शिजवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा.

वाळवलेली भाजी म्हणजे ताजी भाजीच, असे मात्र समजू नका. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, सैनिकांना वाळवून दाबलेल्या भाज्यांच्या वड्या दिल्या जात, स्कर्व्ही होऊ नये म्हणून. सैनिकांनी त्यांच्या इंग्रजी नावावर कोटी करून त्यांना 'भ्रष्ट केलेल्या भाज्या' म्हणायला सुरुवात केली. चवीचे सोडा, पण स्कर्व्हीवरही त्यांचा भरवसा धरण्यासारखा नव्हता. स्कर्व्ही टाळते ते क जीवनसत्त्व, आणि उष्णता, हवा व साठवण यांत तेच सर्वांत आधी जाते. लिंबू, आवळा, पेरू ताजेच खा.

उलट काही गोष्टी वाळवल्याने दाट होतात. किलोभर बेदाण्याला सुमारे चार किलो द्राक्षे लागतात आणि त्यातली साखर कुठे जात नाही. मधुमेह असेल तर यंत्रात केलेल्या केळी-चिकूच्या चकत्या 'घरच्याच आहेत' म्हणून मूठ मूठ खाऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वाळवलेल्या टोमॅटो-केळ्यांतले पोटॅशियम खरोखर धोक्याचे ठरू शकते. हृदयाची झडप बदललेली असून वॉरफरिन चालू असेल, तर पालक किंवा शेवग्याच्या पानांची भुकटी रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण तिच्यातले के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते. काकूंना मी आणखी एक विचारले, टोमॅटोवर मीठ किती भुरभुरवले होते? त्या म्हणाल्या, "टिकावं म्हणून जरा जास्तच." रक्तदाब त्या दिवशी १६० च्या वर होता.