मल्लविद्याग्रंथांचा अर्थनिर्णय

मल्लविद्याग्रंथांचा अर्थनिर्णय : कुस्ती व तदनुषंगिक व्यायामांवरील जुन्या ग्रंथांतील संज्ञा, डावपेच व दिनचर्या यांचा पाठचिकित्सा आणि आखाड्यातील गुरुपरंपरा या उभय साधनांनी केलेला उलगडा. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथातील मल्लविनोदप्रकरणात मल्लांची प्रतवारी, आहार व श्रमप्रकार वर्णिले असून, त्यांपैकी स्तंभश्रमात मल्लखांबाचे पूर्वरूप अभ्यासकांना दिसते, तथापि दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत बाळंभटदादा देवधर यांनी ऊर्जितावस्थेस आणलेल्या मल्लखांबाचे सर्व प्रकार त्या त्रोटक श्लोकांवर सरसकट आरोपित करणे सयुक्तिक नव्हे.

त्रोटक वर्णनाची हीच अडचण चिनी ग्रंथांतही आढळते. सेनापती छी जिग्वांग याने सोळाव्या शतकात मुष्टियुद्धाचे ३२ पवित्रे चित्रे व पद्ये यांच्या द्वारे दाखविले असले, तरी दोन पवित्र्यांमधील गती, वजनाचा तोल व श्वासाची लय कागदावर उतरत नाही. ती वस्तादाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष मेहनतीनेच अंगी मुरते. यास्तव दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्यात संपादिलेल्या दहाखंडी व्यायाम ज्ञानकोशासारखे (१९३६–४९) आखाड्यातील परंपरेचे सचित्र दप्तर अर्थनिर्णयास अत्यंत मोलाचे ठरते.