लांब पल्ल्याच्या नव्या ट्रकचालकाची शिदोरी

बारामती आणि इंदापूर हे तालुके साखर, द्राक्षे आणि डाळिंबांसाठी ओळखले जातात. सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने, बारामतीची औद्योगिक वसाहत, इंदापूरची डाळिंबाची बाजारपेठ या साऱ्यांचा माल ट्रकवर चढतो आणि त्यातील बराचसा भिगवण-इंदापूरवरून जाणाऱ्या पुणे-सोलापूर महामार्गाला लागतो. गाळप हंगामात उसाच्या वाहनावर हात बसलेला येथील तरुण पुढे परराज्यातील फेरी पत्करतो. मात्र, या दोन खेपांत केवळ अंतराचा फरक नसतो. उसाची गाडी बिघडली तर गावातून माणूस येऊन पोहोचतो. शिरपूरपुढील बिजासन घाटात मध्यरात्री गाडी उभी राहिली, तर केबिनमध्ये जे असेल त्यावरच निभवावे लागते. त्यामुळे पहिल्या फेरीची बांधाबांध करताना गाडी वाटेत थांबली तर काय लागेल, हाच विचार आधी करावा.

कागदपत्रे

चालकाचे खरे भांडवल म्हणजे त्याचा वाहन चालविण्याचा परवाना. मालवाहू वाहनासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, तसेच हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर आधीपासून असावा लागतो. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार या परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. निघण्यापूर्वी ही तारीख पाहून घ्यावी.

नोंदणी पुस्तक, विमा, योग्यता प्रमाणपत्र, परमिट, कराची पावती आणि पीयूसी हे गाडीचे कागद मालकाकडून ताब्यात घेताना प्रत्येकाची मुदत तपासावी. 'डिजिलॉकर' किंवा 'एमपरिवहन'वरील प्रती २०१८ पासून ग्राह्य धरल्या जातात. तथापि फोन बंद पडण्याची शक्यता गृहीत धरून झेरॉक्सचा एक संच पाणी न शिरणाऱ्या पाकिटात ठेवणे श्रेयस्कर.

मालाचे कागद वेगळे असतात. बिल्टी आणि बीजक प्रत्येक खेपेला हवेच. परराज्यात जाणाऱ्या ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या करपात्र मालाला २०१८ पासून ई-वे बिल लागते. साखरेला ते लागते, ताज्या द्राक्षांना लागत नाही. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असल्याने दीड हजार किलोमीटरच्या खेपेला आठ दिवस मिळतात. बिघाडामुळे मुदत उलटण्याची वेळ आली, तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच वाढवून घेता येते. बिलावरील गाडीचा क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय चाक हलवू नये. वाटेत माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला, तर नव्या गाडीचा क्रमांक नोंदवावा लागतो.

वजनकाट्याची पावतीही याच पाकिटात असावी. जादा भारासाठी २० हजार रुपये आणि त्यापुढील प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. ही जबाबदारी भार लादणाऱ्याप्रमाणेच गाडी चालविणाऱ्यावरही येते. नोंदणी पुस्तकातील वजनापेक्षा काट्याचा आकडा जास्त दिसला, तर कारखान्याच्या दारातच नकार देणे चालकाच्या हिताचे असते.

अवजारे

स्टेपनीत हवा आहे का, जॅक गाडीचे वजन पेलतो का आणि चाकाचा पाना नटला बसतो का, हे घरच्या अंगणातच करून पाहावे. पान्यांचा संच, पक्कड, टेस्टर, फ्यूज, दिव्यांचे बल्ब, फॅनबेल्ट, हवेचा दाब मोजण्याचे यंत्र, चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे आणि दोन विजेऱ्या इतके साहित्य पुरेसे होते. ताडपत्री बांधण्याचा दोरखंड थोडा जादा घ्यावा. बीएस-६ ट्रकना डिझेलबरोबर युरियाचे द्रावणही लागते. ते संपल्यास इंजिनाची ताकद घटते. त्याचा एक कॅन जवळ असावा.

चमकणारा त्रिकोण आणि चमकत्या पट्ट्यांचे जाकीट या दोन वस्तू जीव वाचविणाऱ्या आहेत. अंधारात उभ्या ट्रकवर मागून वाहन आदळण्याचा धोका मोठा असतो. गाडी बंद पडताच त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवावा आणि जाकीट घातल्याशिवाय खाली उतरू नये.

अन्न, पाणी आणि अंथरूण

या दुष्काळी पट्ट्यातील जुनी शिदोरी आजही उपयोगी पडते. ज्वारी-बाजरीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कित्येक दिवस टिकतात. ढाब्यावर पोटभर जेवल्यानंतर येणारी गुंगीही त्यामुळे टळते. पाण्याचा २० लिटरचा कॅन आणि जलसंजीवनीची पाकिटे सोबत हवीत. स्टोव्ह नेल्यास तो केबिनमध्ये पेटवू नये.

द्राक्षांच्या हंगामाच्या सुरुवातीस बारामतीत दुपारी ऊन जाणवते, त्याच वेळी उत्तरेत थंडी आणि दाट धुके असते. त्यासाठी स्वेटर, कानटोपी व जाड कांबळे न्यावे. एक ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. परंतु नवशिक्याच्या हाती सहसा जुनी गाडी येते. सुती कपडे, पाठीला उशी आणि मच्छरदाणी हीच तेथील सोय.

औषधे, पैसा आणि फोन

प्रथमोपचार पेटीबरोबर नेहमीची औषधे आठवडाभर जादा घ्यावीत. चष्मा असणाऱ्याने दुसरा चष्मा न्यावा. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांनी झोप येते, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. झोप घालविणाऱ्या गोळ्यांपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे.

रोख रक्कम दोन ठिकाणी विभागून ठेवावी. फास्टॅगमधील शिल्लक निघण्यापूर्वी पाहावी. डिझेल, हमाली व दुरुस्तीचा खर्च वहीत त्या त्या दिवशीच लिहावा, कारण हिशेबाच्या वेळी हीच वही साक्षीला येते. मालक, घर आणि माल घेणारा व्यापारी यांचे क्रमांकही त्यातच असावेत. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि इतर आणीबाणीत ११२ हे क्रमांक पाठ हवेत.

घरी काय ठेवावे?

परवान्याची, बँकेच्या पुस्तकाची आणि विम्याच्या कागदांची एकेक प्रत घरातील जाणत्या माणसाकडे द्यावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. त्याची नोंद आहे हे घरच्यांना ठाऊक नसेल, तर तो असून नसल्यासारखाच.

विश्रांती

पिशवीत भरता येत नाही अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे झोप. मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ मध्ये दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विसावा असा दंडक घातला. या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने घेतली, तरी आठ तासांचे माप कायम आहे. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरल्यास आठ तासांत ३२० किलोमीटर होतात. म्हणजे दिल्लीपर्यंतच्या सुमारे दीड हजार किलोमीटरला एकट्या चालकास जवळपास पाच दिवस हवेत. द्राक्षे त्याहून लवकर पोहोचवायची असतील, तर दुसरा चालक मागावा. पहाटे दोन ते पाच या वेळेत डोळा लागण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि तेव्हा चहा फार काळ साथ देत नाही. म्हणून माल पोहोचविण्याचा दिवस आणि मुक्कामाची ठिकाणे मालकाशी बोलून ठरवावीत आणि निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावीत.