चाळीपासून मनोऱ्यापर्यंत : स्टेशनजवळच्या घरांचे मोजमाप

करी रोड किंवा परळ स्टेशनच्या पुलावर उभे राहून आजूबाजूला पाहिले तर दोन प्रकारच्या इमारती एकाच वेळी दिसतात. एक, उतरत्या छपरांच्या आणि लांबलचक गॅलऱ्यांच्या तीन-चार मजली चाळी. दुसऱ्या, त्यांच्या मागे उभे असलेले चाळीस-पन्नास मजल्यांचे मनोरे. सहलीला आलेला विद्यार्थी साहजिकच विचारतो, "इथे एवढ्या उंच इमारती का?" "जागा कमी, माणसे जास्त" असे उत्तर आपण देऊन टाकतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. शंभर वर्षांपूर्वीही या भागात जागा कमीच होती आणि माणसे दाटीनेच राहत होती. मग तेव्हा उंची का वाढली नाही आणि आताच का वाढली? याचे उत्तर शोधायचे तर या शहराने घरे मोजण्यासाठी वेळोवेळी कोणती मोजपट्टी वापरली, हे पाहावे लागते.

पायी चालण्याचे शहर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली. त्याच वर्षी अमेरिकेत एलिशा ओटिस याने सुरक्षित लिफ्ट बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. लिफ्ट आधीही होत्या, पण दोर तुटला तर पाळणा खाली कोसळे. ओटिसने पाळण्याच्या माथ्यावर एक स्प्रिंग बसवली. दोर ताणलेला असेपर्यंत ती दबलेली राही. दोर तुटताच ती उघडे आणि बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकून पाळणा जागच्या जागी थांबे. रेल्वेने शहराला आडवे पसरण्याची सोय केली, तर लिफ्टने उभे वाढण्याची.

परंतु गिरणगावच्या पहिल्या पन्नास वर्षांत या दोन्ही यंत्रांचा कामगाराच्या घराशी फारसा संबंध नव्हता. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी चालू झाली. पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत गिरण्या पसरल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार भोंगा ऐकून पायी कामावर जाई. रेल्वेचे भाडे रोज परवडण्यासारखे नव्हते आणि पाळीच्या वेळा गाड्यांच्या वेळांशी जुळणाऱ्या नव्हत्या. त्यामुळे गिरणीपासून चालत जाता येईल एवढ्याच वर्तुळात सगळ्यांना राहायचे होते. गिरगावातल्या चाळींतला कारकूनही कोटातल्या कचेरीत पायी किंवा ट्रामने जाई. इमारतीची उंची ठरवत होते ते माणसाचे पाय. पाण्याची कळशी घेऊन रोज चार जिन्यांपेक्षा अधिक कोण चढणार? म्हणून चाळी तीन-चार मजल्यांवर थांबल्या आणि दाटी उंचीत न जाता खोलीच्या आत साठत गेली. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे हे त्या काळच्या गिरणगावातले नेहमीचे दृश्य होते.

साडेत्रेसष्ट अंशांचा कोन

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सरकारने 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन केला. कोंदट वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे आणि उत्तरेकडे नव्या वसाहती वसवणे ही त्याची कामे. दादर-माटुंग्याची आखीव वसाहत ही या ट्रस्टचीच योजना. कोंदट हवेमुळे प्लेग होतो असा तेव्हा समज होता. पुढे उंदरांवरील पिसवांमधून तो पसरतो हे स्पष्ट झाले. म्हणजे प्लेगच्या बाबतीत कारण चुकीचे धरले गेले होते. पण क्षयरोगाच्या बाबतीत उपाय अगदी योग्य होता, कारण त्याचे जंतू कोंडलेल्या हवेत टिकून राहतात आणि सूर्यप्रकाशाने मरतात.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी घरांतील उजेड आणि हवा यांसाठी एक साधी कसोटी धरली, ती म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांची. तळमजल्यावरच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून बाहेर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात रेषा काढायची. समोरची इमारत त्या रेषेच्या वर डोकावता कामा नये. आपल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना याचे मर्म चटकन कळेल. या कोनाचे टॅन गुणोत्तर जवळजवळ बरोबर २ येते. म्हणजेच समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मोकळे हवे. १४ मीटर उंचीच्या चाळीसमोर ७ मीटर.

या मोजपट्टीचे वैशिष्ट्य असे की ती दोन इमारतींमधले नाते मोजते. उंच बांधायला तिची मनाई नाही, पण जेवढे वर जाल तेवढे मागे सरा, असे ती सांगते. आणि मोजणीला सुरुवात होते ती सर्वांत खालच्या खोलीत राहणाऱ्या माणसापासून.

रिकाम्या राहिलेल्या खोल्या

१९२० मध्ये सरकारने 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' स्थापन केले. आपण ज्यांना बीडीडी चाळी म्हणतो त्या या खात्याच्या. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची. त्यात १६० चौरस फुटांच्या ८० खोल्या. म्हणजे एकूण सुमारे साडेसोळा हजार खोल्या.

घरांची एवढी टंचाई असताना या खोल्यांवर उड्या पडायला हव्या होत्या. पण वरळीच्या अनेक खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या. भाडे कामगाराच्या मानाने जास्त होते. बाजार आणि येण्याजाण्याची साधने हाताशी नव्हती. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांतल्या काही चाळींचा तुरुंग म्हणून वापर झाला. घर म्हणजे नुसती खोली नव्हे, कामापर्यंत पोचवणारी वाटही त्यात धरावी लागते, हा धडा मुंबईला येथे पहिल्यांदा ठळकपणे मिळाला.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. त्यानंतर रोज लोकलने ये-जा करणारा मध्यमवर्ग वाढला. दोन्ही रेल्वेमार्ग जेथे शेजारी येतात ते दादर मोक्याचे ठिकाण बनले.

चटईचे गणित

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. उपकर भरणाऱ्या अशा इमारतींची संख्या त्या वेळी सुमारे १९,६०० होती. गिरगाव, परळ, लालबाग, दादर येथील बहुतेक चाळी त्यांतल्याच.

याच दशकात विकास आराखड्याबरोबर नवी मोजपट्टी आली : चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय. सर्व मजल्यांचे मिळून जेवढे क्षेत्र होईल त्याला भूखंडाच्या क्षेत्राने भागायचे. १९९१ च्या नियमावलीत बेटावरील शहरासाठी हा अंक सर्वसाधारणपणे १.३३ होता. १००० चौरस मीटरच्या भूखंडावर १३३० चौरस मीटर बांधकाम. जुन्या चाळी पाडून मूळ भाडेकरूंना तेथेच मोफत घर देणाऱ्या विकासकाला मात्र अधिक निर्देशांक मिळू लागला. वाढीव घरे बाजारभावाने विकून त्याने खर्च आणि नफा काढावा, अशी ही योजना. २००९ मध्ये अनेक इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाला ४ निर्देशांक मिळाला. त्याच भूखंडावर आता ४००० चौरस मीटर. इमारतीने भूखंडाचा चौथा भाग व्यापला तर १६ मजले. शिवाय जिने, लिफ्ट, वाहनतळ यांपैकी बरेचसे क्षेत्र या मोजणीत येत नाही. मनोरे कसे उंचावतात ते यावरून लक्षात येईल.

कोन आणि निर्देशांक यांतला फरक येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. निर्देशांक फक्त स्वतःच्या भूखंडात पाहतो. शेजारच्या खिडकीत ऊन पोचते का, हे त्याला दिसत नाही. आणि त्याला माणसेही दिसत नाहीत. ४००० चौरस मीटरमध्ये ५० चौरस मीटरची ८० घरे बसतात किंवा २०० चौरस मीटरची २०. माणसे पहिल्या इमारतीत सुमारे ४००, दुसरीत शंभरच्या आत. निर्देशांक तोच, उंची तीच. पहिल्या इमारतीतले लोक लोकलने जातील, तर दुसरीतले बहुधा मोटारीने. स्टेशनला लागून मनोरा उभा राहिला म्हणजे रेल्वेजवळ जास्त माणसांची सोय झाली, असे गृहीत धरता येत नाही.

न मोजलेला पूल

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमावलीत त्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे सगळ्या जमिनीऐवजी फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे ठरले, त्यामुळे सार्वजनिक हिस्सा फारच घटला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. गिरण्यांच्या जागी निवासी मनोरे आले आणि त्यांपेक्षाही अधिक गर्दी आणणाऱ्या कचेऱ्या आल्या.

पूर्वी गिरणीत काम करणारे हजारो लोक चालत येत. आता कचेरीत काम करणारे हजारो लोक डोंबिवलीहून, विरारहून गाडीने येऊ लागले. स्टेशने मात्र कामगार वस्तीच्या काळातलीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पाऊस पडत असताना, परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे गेली.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. दाट गर्दीत जिन्याच्या एक मीटर रुंदीतून सेकंदाला साधारण एक माणूस जातो. जिना ३ मीटर रुंद असेल तर सेकंदाला तीन. एका गाडीतून १००० लोक उतरले तर जिना मोकळा व्हायला ३३३ सेकंद, म्हणजे साडेपाच मिनिटे लागतील. पुढची गाडी मात्र तीन-चार मिनिटांत येते. पाऊस आला आणि लोक पुलाच्या तोंडाशी थबकले तर काय होईल, हे सांगायला अभियंत्याची गरज नाही. भागाकार येणाऱ्या कोणालाही ते सांगता आले असते. पण भूखंडाचे मोजमाप दशांश चिन्हापर्यंत करणाऱ्या नियमावलीत पुलाच्या रुंदीचा रकानाच नव्हता. २०१५ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यात काही स्टेशनांच्या परिसरासाठी ८ पर्यंत निर्देशांक सुचवला होता. टीका झाल्यावर तो मसुदा मागे घेऊन नव्याने करावा लागला.

दोन्ही बाजू

म्हणून उंच इमारत ही वाईटच, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांत ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. पाच माणसांचे कुटुंब धरले तर पूर्वी प्रत्येकाच्या वाट्याला ३२ चौरस फूट जागा येत होती. आता १०० येते. संडास घरातच आला. तीन पिढ्यांनी गॅलरीतल्या सामाईक संडासासमोर रांग लावली, त्यांना मनोऱ्याच्या सौंदर्यावर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणाला नाही. शिवाय माणशी जागा तिप्पट करायची तर चार मजल्यांचे बारा मजले होणारच. विक्रीची घरे त्यावर चढतात तेव्हा उंची आणखी वाढते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या कामगाराचे घर गिरणीपासून चालण्याच्या अंतरावर होते, त्याच्या वारसांना सोडतीत पनवेलजवळच्या कोन येथे घरे मिळाली आहेत. आणि मनोऱ्यातल्या लिफ्टचा, पाण्याच्या पंपांचा देखभाल खर्च दरमहा भरणे चाळीतल्या प्रत्येक कुटुंबाला जमतेच असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो गिरगावपर्यंत आणि पुढे कफ परेडपर्यंत पोचली. स्टेशनजवळ कोणी राहायचे, हा प्रश्न आता गिरगावच्या गल्ल्यांतही विचारला जाईल.

वर्गात करण्यासारखे

या तीनही मोजपट्ट्या शाळेतल्या गणिताने हाताळता येतात. कोनमापक, दोरा आणि वजन यांचे साधे साधन करून शाळेसमोरच्या इमारतीचा कोन मोजावा आणि ती साडेत्रेसष्ट अंशांच्या कसोटीत बसते का ते पाहावे. चाळीस मजल्यांची, म्हणजे अंदाजे १२० मीटर उंचीची इमारत असेल तर या कसोटीने समोर ६० मीटर मोकळी जागा लागेल. प्रत्यक्षात किती आहे, ते पावलांनी मोजता येईल. एखाद्या घराचे क्षेत्र आणि त्यातली माणसे यांवरून माणशी जागा काढावी. आणि गर्दी नसलेल्या वेळी, शिक्षकांच्या सोबतीने, जवळच्या स्टेशनच्या किंवा शाळेच्याच जिन्याची रुंदी मोजून शंभर माणसे उतरायला किती वेळ लागतो त्याचा हिशेब करावा.

शाळेच्या जिन्यापासून सुरुवात केलेली बरी. शाळा सुटल्याची घंटा झाल्यावर काय होते, ते मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.