दोर सांगतो

आमच्या लहानपणी राजूरला घरोघरी नळ नव्हते. आडावरून पाणी शेंदायचं. पहाटेच्या अंधारात आत काहीच दिसत नसे. पण पोहरा पाण्याला टेकला की दोर सैल पडे, भरला की जड होई आणि कपारीला अडकला की हाताला हिसका बसे. आई म्हणायची, "डोळे कशाला हवेत? दोर सांगतो की!"

हे वाक्य साठ वर्षांनी आठवलं ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून तो निवृत्त झालाय. दिवाळीत गावी आला होता. मुंबईला परतताना पेढे घेतले आणि घरी डोकावला. मी विचारलं, "तिथे नेमकं काय करायचास रे?"

"सर, काचेपलीकडच्या वस्तू उचलायचो."

किरणोत्सारी पदार्थ हातात धरता येत नाही. म्हणून मध्ये जाड भिंत आणि शिशाची काच, अलीकडे माणसाच्या हातात मूठ आणि पलीकडे चिमटा. असे जोडहात अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत रेमंड गोएर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस बनवले. आपल्याकडे ट्रॉम्बेचा प्लुटोनियम प्रकल्प १९६४ मध्ये सुरू झाला. पुढे हे हात ट्रॉम्बेतच बनू लागले. मूठ आणि चिमटा पोलादी पट्ट्या-तारांनी जोडलेले असल्याने चिमट्याला काही अडलं की मुठीला कळतं. म्हणजे आमच्या आडाचा दोरच की!

पण दोर किती लांब करणार? १९५४ मध्ये गोएर्ट्झ यांनी मधला दोर काढून दोन्हीकडे मोटारी बसवल्या आणि विजेच्या तारेने जोडल्या. अंतराचं बंधन सुटलं, पण दोराचं बोलणंही तुटलं. आता स्पर्श आपोआप येईना. पलीकडे किती जोर लागला ते मोजून, अलीकडच्या मोटारीने हाताला तेवढाच विरोध करायचा, अशी मुद्दाम व्यवस्था करावी लागली.

खरी अडचण उशिराची. १९६० च्या दशकात एमआयटीत शेरिडन आणि फेरेल यांनी प्रयोग केले. निरोप उशिरा पोचू लागला की माणसं आपणहून थोडं हलवत, थांबत, बघत आणि मग पुढे जात. नुसतं बघायचं असेल तर हे चालतं. स्पर्शाचं तसं नाही. पोहरा तळाला टेकल्याचं उशिरा कळलं, तर तोवर आपण दोर सोडतच राहणार! यंत्रात तर हात पुढे गेल्यावर मागचा धक्का येतो, माणूस दचकून उलट ओढतो आणि शेवटी ते यंत्र थरथरू लागतं. सिनेमाला सेकंदाला २४ चित्रं पुरतात. हाताला खरं वाटायचं तर सेकंदाला सुमारे हजार वेळा खबर लागते.

७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जॅक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या बाईंचं पित्ताशय यंत्रहातांनी काढलं. उशीर सेकंदाच्या सहाव्या भागाच्या आसपास. पण त्या यंत्राला स्पर्श परत पाठवता येत नव्हता, सारी भिस्त डोळ्यांवर. पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर २००२ रोजी, एमआयटीतले मंदयम श्रीनिवासन आणि लंडनचे मेल स्लेटर यांच्या चमूंनी वेगळाच प्रयोग केला. संगणकातला एक ठोकळा दोघांनी मिळून उचलायचा, एक जण अमेरिकेत आणि दुसरा लंडनमध्ये. दुसऱ्याच्या हाताचा जोर आपल्या हाताला जाणवायचा. अशा प्रयोगांत नुसतं दिसण्यापेक्षा जाणवल्यावर काम तर सुधारलंच, पण 'पलीकडे कुणीतरी आहे' ही भावनाही वाढली.

इथे मी थांबलो.

२०२० मध्ये माझी धाकटी बहीण पुण्यात दवाखान्यात होती. आम्हाला जाता येईना. एका नर्सबाईंनी फोन समोर धरला. ती दिसली. तिचं "दादा" ऐकू आलं. मी नकळत हात पुढे केला, तर बोटांना काच लागली.

डोळ्यांची आणि कानांची सोय माणसाने केव्हाच केली, हाताची अजून अपुरी आहे. ती का अवघड, हे आता समजलं. दिसणं एकाच बाजूने होतं. स्पर्शात मात्र मी हात धरायचा आणि तिने तो लगेच दाबायचा असतो. त्याला उशीर चालत नाही.

असो. विद्यार्थी निघताना पाया पडायला वाकला. मी त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवले.